फाइल ‘वरती’ अडकली असेल तर लोकआयुक्त

प्रश्न : माझे पती राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक होते. दहा महिन्यांपूर्वी नोकरीत असतानाच वारले. कुटुंब निवृत्तिवेतन अजून सुरू नाही. ‘सेवापुस्तकाची पडताळणी बाकी आहे, फाइल वरती गेलीय’ एवढंच ऐकते. एकाने ‘चहापाण्याचं बघा’ असंही सुचवलं. लोकआयुक्तांकडे जावं का? नोकरीतल्या तक्रारी तिथे घेत नाहीत म्हणतात.

उत्तर : ताई, जा, आणि लवकर जा. लोकआयुक्त म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणारी राज्याची स्वतंत्र यंत्रणा. तुम्ही ऐकलंत ते अर्धं खरं. नेमणूक, पगार, शिस्तभंग या बाबी १९७१ च्या लोकआयुक्त कायद्याने वगळल्यात. पण निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्यनिर्वाह निधी यांचे दावे वगळलेले नाहीत.

घाई अशासाठी, की गाऱ्हाणं बारा महिन्यांच्या आत करावं लागतं. दिरंगाई रोजच चालू आहे, मग मुदत कधीपासून मोजायची, हा वाद वकिलांना गोड लागतो. तुम्ही त्यात पडू नका.

त्याआधी ‘वरती’ म्हणजे कुठे, ते लेखी विचारा. प्रकरण महालेखापालांकडे असेल तर ते केंद्राचं कार्यालय, लोकआयुक्तांच्या कक्षेबाहेर. माझा अनुभव मात्र असा, की ‘वरती’ गेलेली फाइल बहुतेकदा त्याच कार्यालयाच्या कपाटात असते.

अर्ज साधा लिहा. मृत्यूची तारीख, तुमचे अर्ज, प्रत्येकावरचा आवक शिक्का नि क्रमांक. मागणी नेमकी ठेवा : सेवापुस्तकाची पडताळणी अमुक दिवसांत व्हावी आणि तोवर १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे तात्पुरतं कुटुंब निवृत्तिवेतन मिळावं. नियमांत ही सोय असून कार्यालयं ती आपणहून सांगत नाहीत, याचा मला राग आहे.

चहापाण्याचं या अर्जात घालू नका. दिरंगाईचं गाऱ्हाणं वेगळं, भ्रष्टाचाराचं अभिकथन, म्हणजे आरोप, वेगळा. दोन्ही एकत्र केलीत की पेन्शन बाजूला राहून चौकशी त्या माणसाभोवती फिरते. उघड पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा.

तक्रारीची प्रत कार्यालयाला जाते, त्यामुळे तुमचं नाव तिथे कळेल. पण चौकशी बंद दाराआड होते. कागद नि साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार लोकआयुक्तांना आहेत. शेवटी निघते ती मात्र शिफारस, हुकूम नव्हे. ती धुडकावली तर राज्यपालांकडे खास अहवाल जाऊ शकतो. इतकी वेळ सहसा येत नाही. लोकआयुक्तांचं खुलासा मागवणारं पत्र कार्यालयात पोचलं की हरवलेलं सेवापुस्तक सापडतं.

‘तुम्हाला मॅटचा (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, सरकारी नोकरीतले वाद ऐकणारं) मार्ग आहे’ असा आक्षेप येऊ शकतो, कारण न्यायाधिकरणात दाद मागता येत असेल तर लोकआयुक्त सहसा तपास घेत नाहीत. तिकडे जाणं का शक्य नाही, पैसा की आजारपण, ते अर्जातच लिहा. आणि लोकआयुक्तांकडे तक्रार पडून आहे म्हणून मॅटची मुदत थांबत नाही. पहिल्या अर्जाची पोच घेऊन जवळच्या वकिलाकडून ती तारीख आत्ताच काढून घ्या.