सर्जरी, भातशेती आणि प्रादेशिक अर्थशास्त्र: तिन्ही प्रबंधांचं संख्याशास्त्र एकाच माणसाने पाहावं का?

तुमचा प्रश्न असा: संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालंय, नेरूळला राहता, आणि ओळखीतून तीन प्रबंधांचं काम एकदम आलंय. एक सर्जरीच्या रेसिडेंटचा, एक कृषी विद्यापीठातल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा भातावरचा, आणि एक अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीचा, अटल सेतूमुळे नवी मुंबईतल्या उलव्यातल्या घरांच्या किमती किती वाढल्या यावरचा. "तिन्ही विषयांतलं मला काही कळत नाही, तरी हे काम घेणं योग्य आहे का?" असं तुम्ही विचारलंय.

घ्या. मी ठाण्यात राहून बरीच वर्षं हेच काम करतेय, आणि माझं मत ठाम आहे: विषय शिकता येतो, विद्यार्थी आणि त्यांचे गाईड आनंदाने शिकवतात. तुम्ही मात्र तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. एक्सेलच्या फाइलमध्ये किती ओळी आहेत, हे विसरा. ज्या उपायाचा परिणाम शोधायचा आहे, तो स्वतंत्रपणे किती जणांच्या, किती वाफ्यांच्या किंवा किती गावांच्या वाट्याला आला, ते मोजा. तोच खरा 'एन', म्हणजे नमुन्याचा आकार. माझ्याकडे आलेल्या प्रबंधांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच झालेला असतो, टी-टेस्ट लावायची की काय-स्क्वेअर, म्हणजे कुठली चाचणी वापरायची, यात नाही.

भातापासून सुरुवात करा, कारण ही सगळी शिस्त शेतातूनच आली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि शेतातल्या प्रयोगांचा गुंता सोडवता सोडवता रँडमायझेशन (चिठ्ठी टाकून वाटणी), ब्लॉक (सारख्या जमिनीचे गट), रेप्लिकेशन (तोच उपाय अनेक वाफ्यांत) हे सगळं पक्कं बसलं. पुढे १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची क्षयरोगावरची चाचणी प्रसिद्ध झाली. कोणत्या रुग्णाला औषध आणि कोणाला नाही, हे तिथे यादृच्छिक आकड्यांवरून आधीच ठरवून सीलबंद पाकिटांत ठेवलं होतं. शेतातली युक्ती दवाखान्यात पोचली ती अशी.

तुमच्या विद्यार्थ्याचा प्रयोग खारजमिनीवर असेल तर एकदा त्याच्याबरोबर शेतावर जाच. पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती तिथल्याच. खाडीकाठच्या अशा जमिनीत उन्हाळ्यात पाणी वर ओढलं जाऊन आटतं आणि मीठ पृष्ठभागावर पांढरं फुटतं. पावसाळ्यात ते धुऊन खाली जातं. पण सगळीकडे सारखं नाही. खाडीकडच्या बांधालगत, खेकड्यांनी बांध पोखरलेला असेल तिथे, उघाडीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) जिथे भरतीचं पाणी झिरपतं तिथे, खारटपणा जास्त. वरकस जमिनीकडे सरकाल तसा तो कमी. म्हणजे एकाच खाचराच्या दोन टोकांना दोन वेगळ्या जमिनी.

आता समजा, खताच्या दोन मात्रांची तुलना करायची आहे. एक मात्रा खाडीच्या बाजूला आणि दुसरी वरच्या बाजूला दिली, तर आलेला फरक खताचा की मिठाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून खाडीला समांतर पट्टे आखायचे. प्रत्येक पट्टा म्हणजे एक ब्लॉक, आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन्ही मात्रा चिठ्ठी टाकून वाटायच्या. पट्टे खाडीला काटकोनात पडले असतील, तर प्रत्येक पट्ट्यातच खारटही आलं आणि गोडंही, आणि ब्लॉक पाडून उपयोग काही झाला नाही. कागदावरचा आरबीडीचा, म्हणजे ब्लॉक पाडून चिठ्ठीने वाटणी करण्याचा, आराखडा दोन्ही वेळा सारखाच सुबक दिसतो. पट्टे कुठल्या दिशेने पडलेत, हे जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

मग 'एन'. चार ब्लॉक, दोन मात्रा, म्हणजे आठ वाफे. प्रत्येक वाफ्यात पाच चुडं (एकत्र लावलेल्या रोपांचे झुबके) खूण करून ठेवली आणि त्यांचे फुटवे मोजले, की फाइलमध्ये ४० ओळी होतात. विद्यार्थी म्हणतो, "मॅडम, प्रत्येक मात्रेला वीस." नाही, प्रत्येक मात्रेला चारच. खत वाफ्याला दिलंय, चुडाला नाही. एका वाफ्यातली पाच चुडं एकाच मातीत, एकाच पाण्यात वाढली, त्यांनी एकमेकांची री ओढायचीच. वीस धरून चाचणी केली की पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता, खोटी लहान येते आणि नसलेला फरक 'सिग्निफिकंट' होऊन प्रबंधात जातो. अधिक चुडं मोजल्याने त्या वाफ्याचा अंदाज सुधारतो, वाफे वाढत नाहीत.

सर्जरीत हीच गोष्ट वेगळ्या वेषात येते. हर्नियाच्या दोन पद्धतींची तुलना आहे, फाइलमध्ये ६० ओळी आहेत. आयपीडी नंबरचा, म्हणजे दाखल झालेल्या पेशंटच्या नोंदणी क्रमांकाचा, रकाना नीट पाहा. तोच नंबर दोनदा, पुढे एकदा 'उजवी', एकदा 'डावी'. माणूस एक, हर्निया दोन. मधुमेह असेल तर तो दोन्ही बाजूंना आहे, आणि दुखणं किती, हे विचारलं तर तो एकच आकडा सांगणार. इथे पेशंट मोजायचे, हर्निया नाही. दुसरा प्रश्न विचारा: शस्त्रक्रिया केली कोणी? दुर्बिणीची सगळी ऑपरेशन्स सरांनी आणि उघडी सगळी रेसिडेंटनी केली असतील, तर तुलना दोन पद्धतींची राहत नाही, दोन हातांची होते. तिसरा: पेशंट कुठल्या गटात जाणार, हे कोणाला आधी कळत होतं? सोमवारचे एका गटात, मंगळवारचे दुसऱ्या, ही वाटणी यादृच्छिक नव्हे. कोणाला कधी दाखल करायचं, हे आपसूक त्या वाराकडे बघून ठरायला लागतं. आणि जखमेतला संसर्ग निदान ३० दिवसांपर्यंत मोजायचा असतो. डिस्चार्जच्या दिवशी 'संसर्ग नाही' असं लिहून रकाना भरलेला असेल, तर त्या माणसाचं पुढे काय झालं, हे कोणी विचारलंय का, ते बघा. घरी गेलेले आणि फोन न उचललेले पेशंट हे बरे झालेले पेशंट नव्हेत.

शस्त्रक्रियेत एक अडचण शेतापेक्षा जास्त असते. भाताला कुठलं खत मिळालं, हे भाताला माहीत नसतं. पेशंटला टाके दिसतात. २००२ साली अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेच्या १८० रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींचा गुडघा दुर्बिणीने साफ केला, काहींचा फक्त धुतला, आणि काहींना, अर्थात त्यांच्या संमतीने, नुसती वरवर चीर देऊन टाके घातले. दोन वर्षं पाठपुरावा केला, तरी खऱ्या शस्त्रक्रियेवाल्यांना जास्त आराम पडल्याचं दिसलं नाही. तुमच्या रेसिडेंटला असलं काही करता येणार नाही आणि करूही नये. पण वेदना विचारणारा माणूस शस्त्रक्रिया करणाऱ्यापेक्षा वेगळा असू शकतो, आणि त्याला गट माहीत नसावा एवढं तर कुठल्याही वॉर्डात जमतं.

चांगलं काम कसं दिसतं, ते बघायला लांब जायची गरज नाही. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगावर एक चाचणी केली. मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात, की दिसू लागल्यावर काढाव्यात, हा सर्जनांमधला जुना वाद होता. तोंडातल्या गाठीचा आकार, जागा अशा गोष्टींनुसार गट पाडून मग रँडमायझेशन केलं, म्हणजे शेतातल्या ब्लॉकचाच भाऊ. २०१५ मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचे निकाल आले: तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण आधी काढलेल्यांत ८० टक्के, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. सुपारी-तंबाखूने पोखरलेल्या आपल्या भागात या एका आकड्याने किती माणसं वाचू शकतात, याचा विचार केला की मला आपल्या कामाचं मोल कळतं.

आता उलवे. हे तिन्हींत सगळ्यात अवघड आहे, कारण इथे चिठ्ठी टाकता येत नाही. विद्यार्थिनीकडे नोंदणीचे हजारो व्यवहार असतील, पण सेतू एकच आहे. त्याचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, आणि त्याच दिवशी खारकोपर ते उरण रेल्वेचाही शुभारंभ झाला. त्या आधी २०१८ पासून गाडी खारकोपरपर्यंत येतच होती. शेजारी विमानतळाचं काम चालू होतं. १२ जानेवारीच्या आधीची आणि नंतरची सरासरी काढून वजाबाकी केली, तर त्यात सेतू, रेल्वे आणि विमानतळ तिन्ही एकत्र आले. शिवाय घर घेणारे उद्घाटनाची वाट बघत बसत नाहीत. काम सुरू झालं तेव्हापासूनच भावात सेतू धरला जातो, त्यामुळे 'आधी' नेमकं कधी संपतं, हेही ठरवावं लागेल. तिला सांगा की तुलनेसाठी असे नोड (सिडकोने वसवलेले नवी मुंबईचे भाग) शोध, जिथे विमानतळाची चर्चा उलव्याइतकीच होती पण सेतूचा फायदा कमी, आणि दोन्हीकडच्या किमती सेतूच्या आधीची बरीच वर्षं बरोबरीने चालत होत्या का, ते आधी काढून दाखव. नसतील चालत, तर शीर्षकातला 'सेतूमुळे' हा शब्द काढावा लागेल. 'सेतूनंतर' चालेल. गाईडला आवडणार नाही, तरी तिच्या बाजूने उभ्या राहा.

अर्थशास्त्रात दुसरा सापळा हद्दीचा. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, सुमारे १ कोटी १० लाख. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. ठाण्याचे २०१० चे आणि २०२० चे आकडे एकाच रेषेने जोडले, तर ती रेषा दोन वेगवेगळ्या प्रदेशांची आहे. अखंड ठाण्याचं दरडोई उत्पन्न चांगलं दिसायचं आणि त्याच सरासरीत जव्हार-मोखाड्यासारखे गरीब आदिवासी तालुकेही बसलेले असायचे. बेलापूरहून लोकलने पुढच्या खारघरला उतरलात, तर तुम्ही ठाणे जिल्ह्यातून रायगडात आलात. सिडकोचं शहर एक, जिल्हे दोन, आणि बहुतेक सरकारी आकडे जिल्ह्याने मिळतात. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ च्या अहवालात राज्याच्या सरासरीच्या मागे असलेल्या जिल्ह्यांचा अनुशेष मोजला, त्यावर आजही भांडणं होतात. त्यातल्या पुष्कळ भांडणांचं मूळ मोजायचं एकक जिल्हा असावा की तालुका, या प्रश्नात आहे.

आणि ही विद्यार्थिनी जिल्ह्याची भाताची उत्पादकता वापरणार असेल, तर तो आकडा पीक कापणी प्रयोगांतून येतो, हे तिला सांगा. यादृच्छिक पद्धतीने गाव, त्यात शेत, त्यात ठराविक मापाचा तुकडा, तेवढंच कापून, झोडपून, वजन करायचं. ही पद्धत आपल्याकडे पक्की करण्यात साताऱ्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे तिच्या तक्त्यातल्या त्या आकड्यामागे मोजकी शेतं आहेत. दशांश चिन्हापुढचे दोन अंक बघून त्यावर जास्त भार टाकू नये.

व्यवहाराचं थोडं. काम घेताना सिनॉप्सिस (संशोधनाचा आधी मंजूर झालेला आराखडा) मागा, नुसती फाइल नको. डेटा गोळा व्हायच्या आधी बोलावलं तर कमी पैशांतही जा, कारण तेव्हाच खरी मदत होते. फिशर १९३८ मध्ये कोलकात्याला भाषणात म्हणाले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे शवविच्छेदन करायला बोलावणं. "मॅडम, फक्त पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येईल असं बघा" म्हणणाऱ्याला पहिल्याच फोनवर नाही म्हणा. फरक आढळला नाही तर तसंच छापायचं, हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या.

तिघांपैकी भातवाल्याला आधी भेटा. त्याची लावणी अजून व्हायची असेल, तर पट्टे कुठल्या दिशेने आखायचे ते बदलता येईल. रेसिडेंटला तोवर पेशंटची यादी आयपीडी नंबरने लावून पाठवायला सांगा.