क्रांतीच्या आधीच अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांना 'आपण एक राष्ट्र' असं कसं वाटायला लागलं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की परीक्षेसाठी मुद्दे हवेत. देतो, पण आधी हा प्रश्न वाचून माझं डोकं का फिरलं ते सांगतो, कारण 'क्रांतीपूर्वी राष्ट्रीय अस्मितेचा उदय' हे वाक्य जसंच्या तसं माझे दाजी मला गेली सात वर्षं ऐकवतायत.

दाजी म्हणजे थोरल्या ताईचे मिस्टर. मिरजेकडे हायस्कूलला एकतीस वर्षं इतिहास शिकवला, आता रिटायर. मी बॉस्टनला चिकटून असलेल्या समरव्हिलमध्ये राहतो आणि सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे घरातल्या हिशोबाने इतिहासावर बोलायचा मला काडीचा अधिकार नाही. तर सात वर्षांपूर्वी ताई-दाजी डिसेंबरात आमच्याकडे आले होते. इथे दर 1 जानेवारीला प्रॉस्पेक्ट हिल नावाच्या टेकडीवर झेंडा चढवायचा कार्यक्रम असतो, जॉर्ज वॉशिंग्टनच्या वेशातला माणूस घोड्यावरून येतो, मागे लोकांची मिरवणूक, वर दगडी बुरूज. 1 जानेवारी 1776 ला वॉशिंग्टनच्या फौजेने तिथे झेंडा चढवला त्याची आठवण म्हणून. मला वाटलं, इतिहासाचा माणूस आहे, खूष होईल. ताईने थंडी बघूनच नकार दिला, मी आणि दाजी निघालो, दाजींच्या डोक्यावर माझी कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर जॅकेटची टोपी, आणि हातात चहाचा थर्मास.

झेंडा वर गेला आणि दाजी एकदम मोठ्याने, मराठीतच, "अरे हा तर इंग्रजांचा झेंडा आहे, कोपऱ्यात बघ!"

बरोबर होतं त्यांचं. तेरा लाल-पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. मी म्हटलं, दाजी, हेच तर दाखवायला आणलं तुम्हाला. लेक्सिंग्टन-कॉन्कॉर्डला गोळीबार झाला 19 एप्रिल 1775 ला, म्हणजे लढाई सुरू होऊन आठ महिने उलटलेत, माणसं मेलीत, खाली बॉस्टनमध्ये ब्रिटिश फौज कोंडलीय, आणि तिला वेढा घालून बसलेले हे लोक जो झेंडा फडकवतायत त्याच्या कोपऱ्यात इंग्रजांचीच खूण आहे. समोरच्या फौजेला हे लोक 'मंत्र्यांची फौज' म्हणायचे, राजाची नाही, कारण भांडण मंत्र्यांशी आणि पार्लमेंटशी होतं, राजा आपलाच. उलट ब्रिटिशांनी तो झेंडा बघितला, त्याच सुमारास राजाच्या भाषणाच्या प्रती यांच्या छावणीत पोचल्या होत्या, आणि त्यांना वाटलं हे शरण आले! खुद्द वॉशिंग्टनने पत्रात ही गंमत लिहिलीय.

दाजी म्हणाले, ती स्ट्रॅटेजी असेल, मनात राष्ट्र होतंच. मी विचारलं, मनातलं तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "मग क्रांती काय आभाळातून पडते?" इथून जे सुरू झालं ते टेकडी उतरताना, घरी वरण-भात खाताना आणि संध्याकाळी ताईने दोघांना ओरडेपर्यंत चालू होतं. मधेच त्यांनी 1779 च्या जानेवारीत वडगावला आपण इंग्रजांना कसं शरण आणलं तेही काढलं, जे खरं आहे आणि त्याच काळातलं आहे, पण विषय तो नव्हता.

आता तुमचे मुद्दे. माझं म्हणणं सरळ आहे, आधी राष्ट्र आणि मग क्रांती असं झालंच नाही. आधी भांडण झालं, भांडता भांडता एकमेकांशी ओळख झाली, आणि राष्ट्र बरंच नंतर आलं, तेही कसंबसं. हे लोक इंग्रज नव्हते म्हणून चिडले नाहीत, आपण पक्के इंग्रज असूनही आपल्याला कमी लेखतात म्हणून चिडले. 1763 ला फ्रान्सविरुद्धची लढाई जिंकल्यावर यांच्याइतका साम्राज्याचा अभिमान क्वचितच कुणाला असेल. ब्रिटिशांनी कागदपत्रांवर लावलेला स्टँप कर रद्द झाल्याच्या आनंदात न्यूयॉर्कवाल्यांनी तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावरचा पुतळा मागवला, तो बसला 1770 ला. सहा वर्षांत पाडला आणि त्याच्या शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या केल्या, ते सोडा, पण सहा वर्षं तो मानाने उभा होता ना?

आणि आपसात यांचं अजिबात पटायचं नाही. 1754 ला ऑल्बनीला पेनसिल्व्हेनियाच्या बेंजामिन फ्रँकलिनने, म्हणजे छापखानेवाला आणि पुढारी, सगळ्या वसाहतींचा एक संघ करायची योजना मांडली, त्याच वर्षी त्याने आपल्या पेपरात तुकडे केलेल्या सापाचं ते प्रसिद्ध चित्र छापलं, 'जोडले जा नाहीतर मरा', आणि ती योजना एकाही वसाहतीने मान्य केली नाही. मग 1760 ला हाच फ्रँकलिन लंडनमध्ये बसून इंग्रजांना पटवत होता की घाबरू नका, फ्रेंचांविरुद्ध जे एक होऊ शकले नाहीत ते तुमच्याविरुद्ध कसले एक होतायत (फार मोठा जुलूम केलात तर गोष्ट वेगळी, हेही तो म्हणाला होता, माणूस हुशार). पेनसिल्व्हेनिया आणि कनेक्टिकट यांची वायोमिंग खोऱ्यावरून हाणामारी चालू होती. आपला सीमाप्रश्न निदान कोर्टात तरी आहे, यांच्यात बंदुका निघाल्या. जॉन अ‍ॅडम्स 'माझा देश' लिहायचा तेव्हा त्याचा अर्थ मॅसॅच्युसेट्स, जेफरसनचा अर्थ व्हर्जिनिया. 1775 ला वॉशिंग्टन इथे सेनापती म्हणून आला आणि ऑगस्टमध्ये घरच्या पत्रात काय लिहितो, तर हे न्यू इंग्लंडवाले (म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि शेजारच्या वसाहतींचे लोक) भयंकर घाणेरडे लोक आहेत. राष्ट्रपिता बरं का.

दाजींकडे दोन हुकमी पत्ते आहेत. पहिला, साउथ कॅरोलिनाचा पुढारी गॅड्सडेन, 1765. तो म्हणाला की या खंडावर कुणी न्यू इंग्लंडवाला, कुणी न्यूयॉर्कवाला असायला नको, आपण सगळे अमेरिकन. पण नीट वाचा, 'असायला नको' म्हणतोय तो. नाहीत म्हणून नाही, आहेत म्हणूनच सांगावं लागतंय. घरात 'आपण सगळे एक आहोत' हे वाक्य कधी निघतं ते वाटणी झालेल्या कुठल्याही घराला विचारा.

दुसरा पत्ता व्हर्जिनियाचा पुढारी पॅट्रिक हेन्री याचा. सप्टेंबर 1774, फिलाडेल्फियात पहिली काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, पहिल्याच एक-दोन दिवसांत हा उठून म्हणतो, मी व्हर्जिनियाचा नाही, मी अमेरिकन आहे. दाजी हे म्हणताना हात वर करतात, वर्गात करत असतील तसा. पण वाद कशावर चालला होता? मतं कशी मोजायची यावर. हेन्रीला लोकसंख्येप्रमाणे मतं हवी होती, आणि सगळ्यात जास्त लोकसंख्या कुणाची? व्हर्जिनियाची! ठरलं शेवटी प्रत्येक वसाहतीला एक मत. आणि पुढे 1788 ला राज्यघटनेला जीव तोडून विरोध कुणी केला, तर याच हेन्रीने. हे मी दाजींना ग्रुपवर लिहिलं तर त्यांनी नुसता नमस्काराचा इमोजी टाकला आणि दोन दिवसांनी परत तेच वाक्य, सुविचार म्हणून.

मग एकी झाली कशी, हा तुमचा खरा प्रश्न. तीन-चार गोष्टींनी, आणि सगळ्या व्यवहारातल्या. एक म्हणजे टपाल आणि पेपर. फ्रँकलिन 1753 पासून वसाहतींच्या टपालाचा एक प्रमुख होता, छापखानेवाले एकमेकांना पेपर पाठवायचे आणि बिनधास्त उचलून छापायचे, त्यामुळे बॉस्टनची बातमी चार्ल्सटनला पोचायची आणि तिथल्या माणसाला बॉस्टनवाल्याचा राग आपला वाटायचा. त्यात 1765 चा स्टँप कर असा की पेपर, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांच्या कॅटवर सुद्धा. म्हणजे ज्यांना बोंब मारता येते, वकील आणि छापखानेवाले, नेमकं त्यांच्याच खिशात हात घातला. न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे लोक जमले त्यावर. नंतर 1772 पासून बॉस्टनच्या सॅम्युअल अ‍ॅडम्सने पत्रव्यवहार समित्या काढल्या, पुढच्या वर्षी व्हर्जिनियाने वसाहती-वसाहतींमधल्या.

दुसरं बहिष्कार, आणि माझ्या मते खरा गाभा हाच आहे. इंग्लंडचा माल बंद, घरी सूत काता, घरचं कापड घाला, आपल्याला खादीमुळे हे समजावून सांगायला लागत नाही. 1774 च्या काँग्रेसने तर गावोगाव समित्या नेमायला सांगितलं, जो माल मागवेल त्याचं नाव पेपरात छापा आणि त्याच्याशी व्यवहार बंद. म्हणजे सरळ वाळीत टाकणं. 'आपला' कोण आणि 'बाहेरचा' कोण हे तिथे ठरायला लागलं, वाण्याच्या दुकानात. त्याच वर्षी 1 जूनला ब्रिटिशांनी बॉस्टनचं बंदर बंद केलं तेव्हा कॅरोलिनाहून तांदूळ आला, कनेक्टिकटहून पटनम नावाचा माणूस मेंढ्या हाकत घेऊन आला. एकीचा पुरावा हवा असेल तर मी हेन्रीचं भाषण नाही, त्या मेंढ्या सांगेन.

चहाबद्दल एक, कारण टेकडीवर थर्मास उघडताना यावरही वाजलं. दाजींच्या नोट्समध्ये 'चहावर कर वाढवला'. 1773 च्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता हो! कर जुनाच राहिला, पण बुडायला आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला थेट विकायची सवलत दिली, तिथले व्यापारी आणि स्मगलर दोघांच्या पोटावर पाय. 16 डिसेंबरला बॉस्टनवाल्यांनी चहाच्या 342 पेट्या बंदराच्या पाण्यात फेकल्या, आणि तो चहा चीनचा, आसाम तेव्हा कुठे. भारताचा संबंध वेगळाच आहे. बंगालमध्ये 1770 च्या दुष्काळात कंपनीने काय केलं ते यांना ठाऊक होतं, पेनसिल्व्हेनियाचा वकील जॉन डिकिन्सन याने 1773 लाच लिहिलं की ज्यांनी बंगालात माणसं उपाशी मारली ते आता आपल्याकडे वळलेत. आणि हा डिकिन्सन बघा, करांविरुद्धची त्याची पत्रं 1767-68 ला जवळजवळ सगळ्या पेपरांनी छापली, एवढा मोठा माणूस, 1775 च्या जुलैत राजाला शेवटचा विनंतीअर्ज त्यानेच लिहिला, आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली नाही. त्याच्या मनात कुठलं राष्ट्र होतं, दाजी?

राजाने तो अर्ज घेतलाच नाही, ऑगस्टमध्ये यांना बंडखोर जाहीर करून टाकलं. मग 10 जानेवारी 1776 ला थॉमस पेन नावाच्या लेखकाची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका आली, राजाच नको म्हणणारी, आणि तो पेन इंग्लंडहून येऊन जेमतेम तेरा महिने झालेला! म्हणजे 'अमेरिकन' व्हायला सांगणाराही ताजा उतरलेला इंग्रज. जाहीरनाम्यात सुद्धा 'स्वतंत्र राज्ये' असं अनेकवचन आहे, राष्ट्र नाही.

परीक्षेत मात्र हे असं लिहू नका, मार्क जातील. तिथे टपाल-पेपर, स्टँप कायदा, समित्या, बहिष्कार, 1774 ची काँग्रेस, पेन असे मुद्दे क्रमाने लिहा. फक्त 'राष्ट्रीय अस्मितेचा उदय झाल्यामुळे क्रांती झाली' हे वाक्य टाळता आलं तर टाळा, माझ्यासाठी.

थोडं इमानदारीने. मी एकतर्फी लिहिलंय. 1740 च्या सुमारास व्हाइटफील्ड नावाचा धर्मोपदेशक जॉर्जियापासून न्यू इंग्लंडपर्यंत फिरला, सगळ्या वसाहतींनी एकाच माणसाला ऐकलं, तेव्हापासून काहीतरी जुळत होतं असं मानणारे आहेत आणि ते वेडे नाहीत. आणि 'लोकांना वाटलं' म्हणतो तेव्हा कोण लोक? दर पाच माणसांतला एक गुलाम होता, मूळ रहिवासी या 'आपण'मध्ये धरलेच नव्हते, आणि हजारो राजनिष्ठ पुढे घरदार सोडून कॅनडाला वगैरे गेले. जमैका, बार्बाडोस पण ब्रिटिशांच्याच वसाहती, ते उठले नाहीत, सभोवती एवढे गुलाम असताना ब्रिटिश फौज त्यांना हवीच होती. अजून एक, 1 जानेवारी 1776 ला टेकडीवर पट्ट्यांचा झेंडा नव्हताच, नुसता ब्रिटिश युनियन झेंडा होता असंही काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. तसं असेल तर माझंच म्हणणं अजून पक्कं होतं, पण दाजींना हे मी अजून सांगितलेलं नाही.

कारण दाजींनी त्या दिवसाचा फोटो मोठा करून मिरजेच्या हॉलमध्ये लावलाय, ते कानटोपीत, मागे बुरूज आणि झेंडा. खाली स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलंय, 'स्वतंत्र अमेरिकेच्या पहिल्या ध्वजासमवेत'. स्वातंत्र्याला अजून सहा महिने होते दाजी! मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, बघ पण बोलू नकोस. नाही बोललो. म्हणून इथे लिहिलं.