सांभाराच्या फुलावरची ती मधमाशी नाही, माशी आहे

भाऊ, तुम्ही दोन फोटो टाकलेत, एक वावरातल्या सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) फुलावरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशीचा अन् दुसरा आंब्याच्या मोहोरावरच्या हिरव्या चमकदार माशीचा, आणि विचारलं की पहिली कोणती मधमाशी अन् दुसरीचं नाव काय. पहिली मधमाशी नाहीच, ती सिरफिड माशी आहे, म्हणजे फुलांवर घोंगावणारी, मधमाशीसारखी दिसणारी माशी. पट्ट्यांवर जाऊ नका, पाखरांनी डंखवाली समजून सोडून द्यावं म्हणूनच ते पट्टे. मिशा पाहा. मधमाशीच्या लांब अन् कोपरात वाकलेल्या असतात, हिच्या इवल्याशा. पंख हिला दोनच, मधमाशीला चार, पण मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक हुकांनी जोडलेले राहतात त्यामुळे फोटोत मोजायला गेलं की फसगत होते, म्हणून मी आधी मिशा अन् डोळेच पाहतो.

तुमच्या फोटोत डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेत, म्हणजे हा नर. आता पोटावर झूम करा, जाड काळ्या पट्ट्याच्या वर नारिंगी भागात अजून एक बारीक काळी रेघ दिसते ना, ती डबल रेघ म्हणजे एपिसिर्फस बाल्टिएटस ही सिरफिडची प्रजाती. हे नाव मी छातीठोकपणे सांगतो. तिथं जोडीजोडीनं तिरपे पिवळे डाग असते तर इशिओडॉन ही दुसरी सिरफिड पाहिली असती, अन् डोळ्यांवरच ठिपके असते तर एरिस्टॅलिनस ही तिसरी, तिच्या अळ्या नालीच्या घाण पाण्यात लांब शेपटीनं श्वास घेतात.

दुसऱ्या फोटोला मी नाव देत नाही. हिरवी चमक क्रायसोमाया या माशीला असते तशी ल्युसिलिया या दुसऱ्या माशीलाही असते. पोटाच्या वळ्यांच्या कडा काळ्या असल्या तर क्रायसोमायाकडे जाता येतं, पण नेमकं तिथंच पंख आडवा आलाय अन् उन्हाची चमक पडलीय. फोटोवरून ओळख सांगणाऱ्या ॲपनं जे नाव सुचवलं ते तसंच लिहून टाकू नका, बऱ्याच माशा नुसत्या फोटोवरून प्रजातीपर्यंत जातच नाहीत, कुळ बरोबर लागलं तरी ती नोंद कामाची असते.

पुढच्या वेळी ऊन तापायच्या आत जा, फेब्रुवारीत सकाळच्या गारव्यात माश्या सुस्त बसलेल्या असतात. वरून, बाजूनं अन् तोंडासमोरून असे तीन फोटो घ्या, अन् पंख पसरला की एक खास पंखाचा, कारण सिरफिडच्या पंखात मधोमध एक शीर सुटीच धावते, तिचं टोक कुठल्या शिरेला जुळत नाही. ती दिसली की कुळाबद्दल वादच राहत नाही. फूल कोणतं, तारीख अन् गाव तेवढं लिहा, फिल्टर मारू नका, रंग बदलला की आम्हाला काहीच सांगता येत नाही.

अन् धुऱ्यावर मोहरी असेल अन् तिच्यावर मावा असेल तर फवारणीचा पंप काढायच्या आधी शेंडे वाकवून पाहा. माव्याच्या गर्दीत बिनपायाची, पुढं निमुळती, हिरवट पारदर्शक अळी दिसली तर ती बहुतेक या सिरफिडचीच, मावा धरून चोखत असते. तिला मारू नका, फोटो टाका.