प्राध्यापकांनी लोकांसाठी विज्ञानाचा उत्सव करावा, यासाठी त्यांना कसं तयार करायचं?

तुमचा प्रश्न असा: कोथरूडला तुमच्या सोसायटीशेजारी एक विज्ञान महाविद्यालय आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला त्यांनी परिसरातल्या लोकांसाठी काहीतरी करावं म्हणून तुम्ही सलग दोन वर्षं पत्र दिलंत आणि दोन्ही वेळा 'कळवतो' एवढंच उत्तर आलं. 'या मंडळींना सामान्य माणसांत मिसळायला कमीपणा वाटतो का?' असंही तुम्ही शेवटी विचारलंय.

तसे असतातही काही, नाही असं नाही. पण मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून २७ वर्षं काढली. प्राध्यापक मी भाषण करताना कमी आणि फ्यूज उडाल्यावर जास्त पाहिलेत. त्यावरून सांगतो, कमीपणापेक्षा भीती जास्त असते आणि भीतीपेक्षाही कंटाळा. कंटाळा विज्ञानाचा नाही, 'कार्यक्रम' या प्रकाराचा. तुमच्या पत्रात 'व्याख्यान', 'प्रमुख पाहुणे', 'मार्गदर्शन' यातला एखादा शब्द नक्की असणार. तो वाचला की माणूस पत्र खणात टाकतो.

आम्हीही आधी तेच केलं होतं. २८ फेब्रुवारी, सभागृह, बॅनर, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ. पाहुणे पाऊण तास उशिरा आले, विषय 'विज्ञान आणि समाज'. श्रोते ४०, त्यातले ३५ आमचेच एफवायचे, हजेरीची धमकी देऊन बसवलेले. बाहेरचे पाच, पैकी दोघे पाहुण्यांसोबत आलेले. शेवटी 'कुणाला काही शंका?' म्हटल्यावर इतकी शांतता पसरली की वरचा पंखा किरकिर करतो हे मला त्या दिवशी कळलं. विभागातल्या प्राध्यापकांनी त्यानंतर हात जोडले ते जोडलेच.

वाट दाखवली आमच्या विभागातल्या शिपायाने. तो एका गणपती मंडळाचा जुना कार्यकर्ता. खुर्च्या आवरताना म्हणाला, "अहो, गणपतीत लोक देखावे बघत फिरतात. आवडलं तर थांबतात, नाही तर पुढे जातात. तुम्ही त्यांना खुर्चीत कोंबताय."

पुण्यात व्याख्यानं चालत नाहीत असं मी म्हणत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला याच शहरातली. पण तिथे येणारा माणूस ऐकायचं म्हणून ठरवून घरातून निघतो. तुम्हाला हवाय तो दूध आणायला निघालेला माणूस. त्याला दोन मिनिटं थांबवायचं असेल तर व्यासपीठ नको, टेबल हवं.

म्हणून पुढच्या वर्षी फाटकाच्या आत, रस्त्यावरून दिसतील अशी चार टेबलं मांडली. वेळ संध्याकाळी साडेपाच ते आठ. उद्घाटन नाही, माईक नाही. एका टेबलावर माझं खोकं होतं. चपलांचं खोकं, त्याच्या एका टोकाला ब्लेडच्या दोन पात्यांमध्ये केसाएवढी फट, दुसऱ्या टोकाला तिरका लावलेला जुन्या सीडीचा तुकडा आणि वर डोळा लावायला भोक. सीडीवर एका मिलिमीटरात सहाशेच्या वर रेघा असतात, त्यामुळे प्रकाश फोडायला ती उत्तम. फट साध्या पिवळ्या बल्बकडे धरली की सलग इंद्रधनुष्य दिसतं. सीएफएलकडे धरली की तेच इंद्रधनुष्य तुटतं, वेगवेगळे पट्टे दिसतात आणि मधे काळोख. प्रयोगशाळेतल्या सोडियमच्या दिव्याकडे धरली तर एक पिवळी रेघ आणि बाकी जवळजवळ काहीच नाही.

आमच्या विभागात एक सर होते, पीएचडी स्पेक्ट्रोस्कोपीतच, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून तपासण्याच्या शास्त्रातच केलेली. भाषणाला त्यांनी आधीच स्वच्छ नकार दिला होता, "मला मराठीत शास्त्र सांगायला जमत नाही." मी त्यांना भाषणाचं विचारलंच नाही. म्हटलं, "सर, मी चहा पिऊन येतो, पंधरा मिनिटं तेवढा दिवा बघा. गरम होतो, कुणी हात लावायला नको." आणि मुद्दाम अर्धा तास लावला.

परत आलो तर टेबलाभोवती आठ-दहा माणसं. लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानात आयुष्यभर विक्रीला उभे राहिलेले एक गृहस्थ खोक्याला डोळा लावून होते. कधी बल्ब, कधी सीएफएल, पुन्हा बल्ब. मग डोळा काढून म्हणाले, "म्हणजे बायका साडी उजेडात दाखवा म्हणून दारापर्यंत नेतात, ते उगाच नाही तर!"

सरांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. इतकी वर्षं वर्णपट शिकवला, पण हे उदाहरण त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी खडू मागितला आणि टेबलाच्या फळीवरच काढून दाखवायला लागले: दिव्यात जो रंग नाही, तो साडी परत कुठून पाठवणार? मग मॅचिंग सेंटरचा विषय निघाला. दुकानातल्या दिव्याखाली साडीला तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस घरी आल्यावर वेगळाच का दिसतो, यावर एका बाईंनी सरांची चांगली दहा मिनिटं घेतली. मराठी जमत नाही म्हणणारा माणूस 'पोत', 'झाक', 'पडतो रंग' असले शब्द वापरत होता. आठऐवजी नऊ वाजले, शेवटी वॉचमनने फाटक लावायचंय म्हणून हाकललं. पुढच्या वर्षी सर स्वतःहून घरातले लाल, निळे, हिरवे ब्लाउजपीस घेऊन आले. वहिनींना विचारून की न विचारता, ते मी विचारलं नाही. सोडियमच्या दिव्याखाली लाल आणि निळा दोन्ही काळपट दिसतात. ते बघून पोरं ओरडायची, मग साधा दिवा लावला की पुन्हा ओरडायची.

तेव्हा पहिली गोष्ट, विनंतीचं माप लहान करा. 'विज्ञान महोत्सव' मागू नका. एक टेबल, एक प्रयोग, दोन तास, एवढंच मागा. आणि पत्र देऊ नका. स्टाफरूममध्ये दुपारच्या चहाला जा आणि 'तुम्हाला तुमच्या विषयातलं स्वतःला सगळ्यात जास्त काय आवडतं?' असं एकेकाला विचारा. वनस्पतीशास्त्राच्या मॅडम तुम्हाला त्यांच्याच आवारातल्या झाडांबद्दल अर्धा तास सांगतील. तोच तुमचा कार्यक्रम.

दुसरी गोष्ट, २८ तारखेचा हट्ट सोडा. त्या तारखेचा मान मोठा आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये याच दिवशी 'रामन परिणामा'चा शोध लावला, १९३० मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं आणि १९८७ पासून आपण तो दिवस विज्ञान दिन म्हणून पाळतो. पण ज्या कॉलेजात अकरावी-बारावी आहे तिथे फेब्रुवारीअखेर म्हणजे बारावीची बोर्डाची परीक्षा. निम्मा स्टाफ सुपरव्हिजनला, वर्ग सील केलेले. त्या आठवड्यात उत्सव मागणं म्हणजे लग्नघरी जाऊन हिशेबाची वही मागणं. डिसेंबर-जानेवारीतला एखादा शनिवार घ्या, थंडी असते, आकाश स्वच्छ असतं, दुर्बीण लावता येते. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी खगोलप्रेमींची संस्था पुण्यात १९४४ पासून आकाश बघतेय, त्यांना विचारून बघायला हरकत नाही. शून्य सावलीचा दिवसही छान, पुण्यात तो १३ मेच्या आसपास येतो. दुपारी साडेबाराच्या सुमाराला उभ्या नळकांड्याची सावली त्याच्या बुडाशी गडप होते, खर्च शून्य. जुलैअखेर तो पुन्हा येतो, पण तेव्हा पुण्यात सावली पडायला आधी ऊन तर पडलं पाहिजे.

आता जरा रुक्ष पण खरं कारण. प्राध्यापकाच्या कामाचा हिशेब कागदावर होतो. आपल्या रविवारी तो लोकांना गुरूचे चंद्र दाखवतो, त्याचा कागद होत नाही. तो कागद तुम्ही करून द्या. नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी राष्ट्रीय संस्था; तिच्या मूल्यांकनात संशोधनाबरोबर विस्तारकार्य, म्हणजे समाजासाठी केलेलं कामही मोजतात, हे प्राचार्यांना माहीत असतं, पण आठवण करून दिली की त्यांचे डोळे चमकतात. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ज्ञानक्षेत्रात काम करणाऱ्याने वर्षातले किमान १० दिवस समाजासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर नावानिशी आभारपत्र द्या, तारखेसकट. फोटो जिओटॅगचे, म्हणजे जागेची नोंद असलेले काढा. हसू नका, कार्यक्रम कितीही रंगला तरी जिओटॅगचा फोटो नसेल तर नॅकच्या फायलीत तो झालाच नाही.

आणि एक गोष्ट जपा. आज बऱ्याच कॉलेजांत तरुण शिक्षक तासिका तत्त्वावर असतात. तास झाला तर पैसे, नाही तर नाही. उत्साह त्यांच्यातच जास्त असतो आणि 'हो' म्हणून राबतातही तेच. त्यांच्याकडून फुकट संध्याकाळ मागायची मला लाज वाटायची. सोसायटीच्या सांस्कृतिक निधीतून ऑर्केस्ट्राला पैसे निघतात ना? मग यांच्या हातावरही पाकीट ठेवा.

टेबलं, कापड, वायरिंग, पाणी, चहा, हे सगळं तुमच्याकडे घ्या. शेजारच्या मंडळाला विचारलंत तर टेबलं फुकट मिळतील, पण परत नेऊन देण्याचं नाव मात्र आधी ठरवून ठेवा. रस्त्यावर मांडलंत की परवानग्यांचं झेंगट लागतं, म्हणून फाटकाच्या आत. प्राध्यापकाने फक्त आपला प्रयोग घेऊन यायचं.

एक आक्षेप तुम्हाला हमखास ऐकू येईल, 'विज्ञानाचा उत्सव म्हणजे तमाशा.' आमच्याकडे रसायनशास्त्राचे एक ज्येष्ठ सर हे तोंडावर म्हणायचे आणि मला ते निम्मं पटायचं. खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी फसफसला, टाळ्या झाल्या, मुलं पुढे गेली, यात विज्ञान कुठे आलं? अशा सरांशी वाद घालू नका. 'मग तमाशा होणार नाही असं तुम्ही काय ठेवाल?' एवढंच विचारा. आमच्या सरांनी घराघरांतून बाटल्या मागवून पाण्याचा जडपणा मोजायचं टेबल मांडलं. बोअरचं पाणी आणि नळाचं पाणी यातला फरक ब्युरेटवर, म्हणजे खुणांच्या मोजनळीवर दिसायला लागल्यावर दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी तिथेच भांडायला लागले. सर खूश.

एवढं करूनही कुणी हलत नसेल तर त्यांना गर्दी दाखवा. विज्ञान दिनाला आयुकाचं, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचं आवार लोकांसाठी उघडतात. प्राध्यापकांना पाहुणे म्हणून नाही, बघे म्हणून न्या. आयुका उभी करणारे जयंत नारळीकर तर सही मागणाऱ्या मुलांना म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. जमलं तर नारायणगावजवळच्या खोडदला जा. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण प्रकल्पाच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या, आणि विज्ञान दिनाला तिथे अक्षरशः जत्रा असते. गावोगावच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडून बसतात. मोबाईल बंद ठेवावा लागतो, कारण दूरच्या आकाशगंगेतून येणारा रेडिओ संदेश तुमच्या फोनपुढे काहीच नसतो. आमच्या विभागातल्या दोघा प्राध्यापकांना मी एकदा नेलं होतं. एका शाळकरी मुलाने त्यातल्या एकांना धरून बसवलं आणि स्वतःचा प्रयोग समजावून सांगितला, ते आपण कोण हे न सांगता ऐकत राहिले. येताना गाडीत म्हणाले, "आपल्याकडे कधी करायचं?"

पहिल्या वर्षी तीन-चार टेबलांच्या वर जाऊ नका. आणि टेबलामागे खुर्च्या अजिबात ठेवू नका. प्राध्यापक बसला की मोबाईल काढतो, उभा असला की बोलतो.