लघवीतलं कॅडमियम: आधी क्रिएटिनिनची ओळ बघा

दादा, बारा वर्षं सिल्व्हर ब्रेझिंग (चांदीच्या मिश्रधातूचा रॉड वितळवून धातू जोडणं) केलंत, लघवीत कॅडमियम हा विषारी धातू 4 आला, रक्तात मात्र नॉर्मल. मग खरा रिपोर्ट कोणता, हा तुमचा प्रश्न. दोन्ही खरे असू शकतात. रक्त गेल्या काही महिन्यांचं बोलतं, लघवी मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साचलेल्याचं. तिथला साठा निम्मा व्हायलाच 10 ते 30 वर्षं जातात.

पण तुमच्या 4 वर माझा विश्वास नाही. रिपोर्टची खालची ओळ वाचा: कॅडमियम लिटरला 0.8 मायक्रोग्रॅम, क्रिएटिनिन (स्नायूंतून लघवीत येणारं द्रव्य, लघवी किती घट्ट ते त्यावरून कळतं) लिटरला 0.2 ग्रॅम. 0.8 ला 0.2 ने भागलं, की झाले ग्रॅम क्रिएटिनिनमागे 4 मायक्रोग्रॅम. क्रिएटिनिन 0.3 च्या खाली म्हणजे लघवी फारच पातळ, असा नमुना धरायचाच नसतो. तपासणीआधी बाटलीभर पाणी ढोसलं होतंत ना?

दुसऱ्यांदा देताना आंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत द्या. मी प्लेटिंगला (धातूवर कॅडमियमचा मुलामा चढवायच्या कामाला) असताना टाकीवरून उठून तसाच गेलो, डबीचं झाकण त्याच हातांनी उघडलं. आकडा असा आला की डॉक्टरांनी घरी फोन केला. सुट्टीनंतर स्वच्छ हातांनी दिलेला नमुना त्याच्या तिसऱ्या हिश्शावर आला. बाकीचं कॅडमियम माझ्या बोटांचं होतं!

सोबत लघवीतल्या बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाची तपासणी करून घ्या, मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा झाली असेल तर ते वाढतं. मात्र आम्ल लघवीत ते मूत्राशयातच तुटतं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो, म्हणून पीएच (लघवी किती आम्ल ते) लगेच मोजायला सांगा. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याच्या नियमात जादा वैद्यकीय देखरेखीची रेषा ग्रॅम क्रिएटिनिनमागे कॅडमियम 3 आणि बीटा-2 300 मायक्रोग्रॅम, रक्तात लिटरला 5 मायक्रोग्रॅम अशी आहे. विडी-सिगारेट ओढत असाल तर डॉक्टरांना सांगा, तंबाखूतूनही कॅडमियम जातं.

ते 'डिटॉक्स' करून मग लघवी तपासणारे भेटले तर पैसे खिशातच ठेवा. औषध देऊन धातू बाहेर ओढला की आकडा चढणारच, आणि तो ताडून बघायला प्रमाणच नाही.

दरम्यान रॉडचं पाकीट बघा. बीएजी-1 (BAg-1, रॉडच्या मिश्रधातूचा प्रकार) लिहिलं असेल तर त्यात 24 टक्के कॅडमियम आहे. बिनकॅडमियमचा रॉड मिळतो, सुपरवायझरकडे तोच मागा. नवा रिपोर्ट आला की क्रिएटिनिनसकट इथे टाका.