श्रोत्यांकडे वळलेला कॅमेरा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मैफलींच्या माहितीपटांचा अभ्यास कुठून सुरू करावा, असे तू विचारले आहेस. माझ्या मते 'वॉटस्टॅक्स'पासून कर, आणि पाहताना मंचापेक्षा समोरच्या गर्दीवर जास्त लक्ष ठेव.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत उठाव झाला आणि त्यात ३४ माणसे गेली. त्याला सात वर्षे झाली तेव्हा, २० ऑगस्ट १९७२ रोजी, मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड कंपनीने लॉस एंजेलिसच्याच कोलिझियम मैदानात दिवसभराची मैफल भरवली; 'वॉटस्टॅक्स' हा तिचाच माहितीपट. तिकीट अवघे एक डॉलर होते, त्यामुळे लाखभर माणसे लेकराबाळांसह आली. गायिका किम वेस्टनने अमेरिकेचे राष्ट्रगीत म्हटले तेव्हा बहुतेक जण बसूनच राहिले. पुढे तिनेच कृष्णवर्णीयांचे राष्ट्रगीत मानले जाणारे 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' सुरू केले, तेव्हा मुठी उंचावून माणसे उभी राहिली. निवेदकाला तासभर बोलूनही जे पोहोचवता आले नसते ते त्या बसण्या-उठण्यात आहे, आणि कॅमेरा गायिकेवरच खिळला असता तर ते कायमचे हातचे गेले असते.

दिग्दर्शक मेल स्टुअर्ट यांना नुसती मैफल अपुरी वाटली, म्हणून वॉट्समधल्या न्हाव्यांच्या दुकानांत, खानावळींत लोकांना बोलते केले गेले आणि गाणी त्या बोलण्यात गुंफली गेली. कॅमेऱ्यामागेही बहुतेक कृष्णवर्णीय तंत्रज्ञ होते. आपल्या माणसासमोर माणूस मोकळा होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

तंत्राची हेळसांड मात्र करू नकोस. न्यूयॉर्कमधल्या १९६९ च्या हार्लेम संगीत महोत्सवात दिव्यांसाठी पैसे नव्हते, म्हणून चित्रण करणाऱ्या हॅल टुल्चिन यांनी मंच पश्चिमेकडे तोंड करून उभारला आणि उन्हावर भागवले. सुमारे ४० तासांचे ते चित्रण जवळजवळ ५० वर्षे पडून राहिले आणि २०२१ मध्ये 'समर ऑफ सोल' होऊन लोकांपुढे आले. गायिका अरीथा फ्रँकलिनच्या १९७२ च्या चर्चमधल्या गायनाचे चित्रण क्लॅप (चित्र आणि आवाज जुळवता यावेत म्हणून कॅमेऱ्यासमोर वाजवायची पाटी) न दिल्यामुळे आवाजाशी जुळेना. चित्रपट झळकला तो २०१८ मध्ये, अरीथाच्या निधनानंतर. एका क्लॅपची किंमत केवढी, ते पाहा.

'वॉटस्टॅक्स'मध्ये गुलाबी केप घातलेला गायक रूफस थॉमस मैदानात उतरलेल्या हजारो लोकांना गोडीगुलाबीने परत जागेवर पाठवतो, आणि छत्रीवाला एकच माणूस मागे उरतो. तो प्रसंग आवाज बंद करूनही एकदा बघ आणि काय दिसले ते मला लिही.

तुझा,
काका