‘लिंग’ की ‘लिंगभाव’?

प्रश्न : एका सामाजिक विषयावरील अहवालाचा मराठी अनुवाद करताना मी ‘जेंडर’ या शब्दापाशी वारंवार अडते. शब्दकोशात त्याला ‘लिंग’ दिलेले आहे, स्त्री-अभ्यासाच्या लेखनात ‘लिंगभाव’ आढळतो आणि वर्तमानपत्रांत दोन्ही. यांतला योग्य शब्द कोणता? आणि ‘भाव’ हे उत्तरपद तिथे नेमके काय करते?

उत्तर : दोन्ही शब्द योग्य आहेत, मात्र एकाच्या जागी दुसरा चालत नाही. हा फरक का जपायचा, हे कळण्यासाठी आधी ‘लिंग’ या शब्दाकडे वळावे लागेल.

संस्कृतात ‘लिंग’ म्हणजे मुळात खूण, चिन्ह. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, डोंगरावर दिसणारा धूर हे अग्नीचे ‘लिंग’ असते, कारण त्या खुणेवरून न दिसणाऱ्या अग्नीचे अनुमान करता येते. व्याकरणात हाच शब्द आला तेव्हा प्रश्न उभा राहिला की, स्त्रीलिंगाची आणि पुल्लिंगाची खूण कोणती? पतंजलीने पाणिनीच्या व्याकरणावरील महाभाष्यात ‘स्तनकेशवती स्त्री स्याल्लोमशः पुरुषः स्मृतः’ (स्तन आणि केस असलेली ती स्त्री, अंगावर लव असलेला तो पुरुष) ही शरीरावरून केलेली व्याख्या मांडली आणि लगेच तिच्यातली अडचणही दाखवली : खाटेला यांपैकी काहीच नसते, तरी ‘खट्वा’ स्त्रीलिंगी का? पत्नी या एकाच अर्थाचे तीन संस्कृत शब्द पाहा : ‘भार्या’ स्त्रीलिंगी आहे, ‘दार’ पुल्लिंगी आणि तोही अनेकवचनी, तर ‘कलत्र’ नपुंसकलिंगी. मराठीतही जुन्या पिढीतला गृहस्थ बायकोविषयी बोलताना ‘आमचं कुटुंब गावी गेलंय’ असे सहज म्हणत असे. शरीराचे लिंग आणि शब्दाचे लिंग वेगळे असू शकते, ही जाण आपल्या व्याकरणपरंपरेत दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि मला ती आजच्या चर्चेत फार मोलाची वाटते.

इंग्रजीतला ‘जेंडर’ हादेखील दीर्घकाळ प्रामुख्याने व्याकरणाचाच शब्द होता. तो लॅटिन ‘गेनुस’ म्हणजे ‘प्रकार, जात’ यापासून आलेला आहे आणि त्याचे मूळ आपल्या ‘जन्’ धातूशी सख्खे नाते सांगते. 1955 मध्ये जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या वागण्यातील स्त्री-पुरुषपणाच्या भूमिकेसाठी तो वापरला, आणि 1970 नंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी शरीराचा भेद एकीकडे व त्या भेदावर समाजाने रचलेल्या अपेक्षा, हक्क आणि बंधने दुसरीकडे, अशी विभागणी करण्यासाठी त्याला स्थिर केले. ‘लिंगभाव’ हा शब्द मराठीत याच दुसऱ्या अर्थासाठी वापरला जातो.

‘भाव’ हे उत्तरपद येथे अत्यंत समर्पक आहे. ते ‘भू’ म्हणजे ‘होणे’ या धातूपासून आलेले आहे. ‘बंधुभाव’ म्हणजे एका आईच्या पोटी जन्मणे नव्हे, तर भावासारखे असणे आणि वागणे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जन्मणे आहे, आपल्या शब्दाच्या मुळाशी होणे आहे. मुद्द्याच्या दृष्टीने आपला शब्द अधिक नेमका आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे ‘होणे’ प्रदेशागणिक किती बदलते, याचे उदाहरण उत्तर अल्बेनियात मिळते. तेथील डोंगराळ भागात ‘कानून’ नावाच्या रूढ कायद्यानुसार वारसा आणि कुटुंबप्रमुखपद पुरुषांकडे असे. घरात कर्ता पुरुष उरला नाही, किंवा मुलीला ठरलेले लग्न नको असले, तर ती आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेऊन पुरुष म्हणून राहू शके. मग ती पुरुषी वेश करी, शस्त्र बाळगी, पुरुषांच्या बैठकीत बसे आणि घराचा कारभार पाही. तिला ‘बुर्नेशा’ म्हणत. या शब्दात ‘बुर’ म्हणजे पुरुष, आणि त्याला लागलेला प्रत्यय मात्र स्त्रीलिंगी! लिंग तेच राहून लिंगभाव बदलल्याची नोंद त्या भाषेने एकाच शब्दात केली आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या बुगिस समाजात तर अशा भूमिकांना पाच स्वतंत्र नावे आहेत, आणि त्यांतील ‘बिस्सू’ हे धर्मविधी करणारे असतात.

शब्दांतला हा फरक सांभाळला नाही तर राजकारणही अडते. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या 2011 च्या इस्तंबूल करारात ‘जेंडर’ची व्याख्या समाजाने घडवलेल्या भूमिका अशी केलेली आहे. बल्गेरियन भाषेत शरीराच्या आणि सामाजिक अशा दोन्ही अर्थांना ‘पोल’ हा एकच रूढ शब्द. त्यामुळे हा करार स्वीकारण्यावरून बल्गेरियात मोठा वाद पेटला, 2018 मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने हा करार राज्यघटनेशी विसंगत ठरवला आणि 2021 मध्ये राज्यघटनेतील ‘पोल’चा अर्थ केवळ जैविक आहे, असा निर्वाळा दिला. वादाची कारणे अर्थातच केवळ भाषिक नव्हती. पण दोन अर्थांना दोन रूढ शब्द असते, तर मारहाण सोसणाऱ्या स्त्रीच्या संरक्षणाची चर्चा शब्दार्थाच्या चर्चेत इतकी गुरफटली नसती, असे मला वाटते.

आता आपल्या अनुवादाविषयी. ज्या वाक्यातील गोष्ट देश-काळ बदलल्यावर बदलू शकते, तेथे ‘लिंगभाव’ वापरावा : लिंगभावाच्या भूमिका, लिंगभावाधारित हिंसा, अर्थसंकल्पाचा लिंगभावाच्या दृष्टीने विचार. जेथे शरीराचा संबंध आहे तेथे ‘लिंग’च हवे, म्हणून गर्भाच्या बाबतीत ‘लिंगनिदान’ आणि जनगणनेत ‘लिंग-गुणोत्तर’ हे शब्द तसेच ठेवावेत, त्यांत ‘भाव’ घुसडू नये. जेथे मूळ लेखकाला फक्त बायका आणि पुरुष एवढेच म्हणायचे आहे, तेथे ‘स्त्री-पुरुष’ हा साधा जोडशब्द दोहोंपेक्षा बरा. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तीने स्वतः सांगितलेली ओळख मान्य करण्याचे तत्त्व स्वीकारले; त्या संदर्भातील मजकुरात ‘लिंगभाव-ओळख’ असे लिहावे, कारण तेथे विचारले जात आहे ते शरीराविषयी नव्हे.